मे महिन्याचं ऊन, भरलेली सीएनजी गाडी आणि हवेचे चार आकडे

भुसावळला आमचं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. मार्च संपला की येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्याचा एकच प्रश्न, उन्हाळा आहे तर हवा कमी ठेवू का? यंदाच्या मे महिन्यात एका कुटुंबाच्या गाडीवर हा प्रश्न अगदी मुळापासून सोडवावा लागला, आकडे होते, वजन करून झालं होतं, घरातल्या चार जणांची चार मतं होती. ते सगळं इथे लिहितोय. माणसं ओळखू येणार नाहीत इतके तपशील बदललेत, आकडे मात्र तेच ठेवलेत.

पार्श्वभूमी

कुटुंब यावल तालुक्यातलं. घरातले मोठे, आपण त्यांना नाना म्हणू, निवृत्त शिक्षक. सोबत काकू, मुलगा, सून, आणि जावई सुट्टीला आलेले. गाडी पाच सीटर सेडान, पेट्रोलची घेतलेली आणि नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं, डिकीत सिलेंडर. टायर १८५/६५ आर १५, लोड इंडेक्स (टायर किती वजन उचलतो त्याचा आकडा) ८८. मागचे दोन टायर गाडीसोबत आलेले तेच, पुढचे नंतर बदललेले.

जायचं होतं कल्याणला, मुलीकडे कार्यक्रम होता. रस्ता जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, नाशिक, आणि पुढे इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत, म्हणजे कसारा घाट टळतो. पाच माणसं, वर काकूंनी लेकीसाठी काढलेलं सामान: गव्हाचं पोतं, दादर (ज्वारी), कळण्याचं पीठ, बिबडे, केळीची फणी. आपल्याकडे लेकीकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही, त्यामुळे मे महिन्यात निघणाऱ्या गाडीचं हे वजन धरूनच चालावं लागतं.

अडचण काय होती

नाना माझ्याकडे आले ते हवेसाठी नाहीच, त्यांची तक्रार होती की गाडी मागून डोलते आणि गॅसचं अ‍ॅव्हरेज पडलंय, अलाइनमेंट बघा. यावलकडून गाडी चालवत आलेले, संध्याकाळची वेळ, ऊन उतरलेलं पण डांबर तापलेलंच. मीटर लावला तर पुढे ३८ आणि ३९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पुढचे सगळे हवेचे आकडे त्यातच), मागे ३० आणि ३०.

आता ३० ऐकायला फार वाईट वाटत नाही. पण ही गरम टायरची हवा आहे, ती पहाटे थंड टायरवर मोजली तर २६ च्या आसपास निघणार. आणि ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर जो स्टिकर असतो त्यावर या गाडीला तीन माणसांपर्यंत पुढे मागे ३३, आणि गाडी पूर्ण भरलेली असली तर पुढे ३३ मागे ३६ लिहिलेलं. म्हणजे सिलेंडर, पाच माणसं आणि पोती घेऊन ही गाडी मागच्या चाकांत दहा कमी हवेवर भर उन्हात चारशे किलोमीटर जाणार होती.

गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या दोन्ही टायरच्या दोन्ही कडा घासून गुळगुळीत आणि मधला पट्टा चांगला जाड, ही कमी हवेवर चाललेल्या टायरची खूण, ज्याला बघता येतं त्याला मीटर लावायच्या आधीच कळतं. त्यात उजव्या मागच्या टायरला आतल्या बाजूने छोटा फुगा आलेला, जो उभ्या गाडीत दिसत नाही. साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तारखेचा आकडा ३११९, म्हणजे २०१९ सालातला ३१ वा आठवडा, सात वर्षं व्हायला आलेली.

हवा कमी झाली कशी

हा भाग नीट वाचा, कारण खरा घोळ इथे आहे आणि तो चांगल्या हेतूने केलेला आहे.

पंक्चर नव्हतं. साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्ह, कडा, सगळं बघितलं, कुठे बुडबुडा नाही. मग नानांना विचारत बसलो तेव्हा निघालं, की चैत्रात वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला गेले होते, येताना दुपारी हायवेवरच्या एका पंपावर हवा चेक केली, मशीनने मागे ३९ दाखवली आणि हवा भरणारा पोरगा म्हणाला काका उन्हाळ्यात एवढी ठेवू नका, टायर फुटेल, आणि त्याने मागची दोन्ही ३२ वर आणून दिली. पुढची तपासायच्या आत मागे गाड्यांची लाईन लागली म्हणून तशीच राहिली. पुढची चांगली राहिली ती त्यामुळे.

आता हिशोब बघा. पहाटे २८ डिग्रीला टायरमध्ये ३३ हवा असेल, तर गाडी उन्हात हायवेवर पळून टायरच्या आतली हवा ६५ डिग्रीपर्यंत गेली की तीच हवा ३९ दाखवते. हवा वाढलेली नाही, तापलीय. ढोबळ धरायचं तर दर साडेपाच डिग्रीला एक पीएसआय. गाडी बनवणाऱ्यांनी ३३ लिहिलं तेव्हा ही पाच सहाची चढती धरूनच लिहिलंय. म्हणजे त्या दुपारी ३९ दिसत होती ती बरोबर होती. त्या पोराने गरम टायरमधून सात काढली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाले तेव्हा तिथे २७ उरली. पुढे चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद पीएसआय आपोआप जाते, तशी गेली, २६.

आणि टायर फुटतो तो नेमका या कमी हवेमुळे. हवा कमी असली की साईडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि सरळ होते, बारीक तार हाताने मागे पुढे वाकवत राहिलं की ती तापते ना तसंच, रबर आणि आतले थर तापत जातात, थर एकमेकांपासून सुटतात, आणि मग वेगात असताना एकदम जातो. वेग, वजन, ऊन आणि कमी हवा, ही चारही एकत्र आली की वाईट. समृद्धी २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि पाठोपाठ टायर फुटल्याच्या अपघातांची चर्चा सुरू झाली, आरटीओने एन्ट्रीवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परतही पाठवल्या. तिथे छोट्या गाडीला सपाटीवर ताशी १२० ची मर्यादा आहे, मध्ये थांबणं कमी, टायरला दम खायला मिळत नाही.

कोण काय म्हणत होतं

दुसऱ्या दिवशी सगळेच दुकानात आले आणि चार मतं समोर होती. एकही मत येडेपणाचं नव्हतं, प्रत्येकाला कुठून तरी आधार होता.

नानांचं मत, ऊन ४५ च्या वर जातंय, हवा तापून वाढणारच, तर २८ ठेवू म्हणजे वाढायला जागा राहील. आपल्या भागात हे मत घरोघरी आहे. भुसावळ जळगावच्या उन्हात राहिलेल्या माणसाला ते पटतं पण कारण उलटं आहे, कमी हवेचा टायर जास्त तापतो, तुम्ही ठेवलेली जागा तो स्वतःच भरून काढतो आणि वर जातो.

मुलाचं मत, सगळीकडे ४० भरा, अ‍ॅव्हरेज मिळतं. अ‍ॅव्हरेज थोडं मिळतं खरं. पण पुढच्या चाकांत स्टिकरपेक्षा सात जास्त म्हणजे टायर मधल्या पट्ट्यावर चालणार, ब्रेक मारल्यावर पकड कमी, आणि खड्ड्याचा दणका टायर न गिळता सरळ चाकाच्या डिस्कला आणि साईडवॉलला देणार. यावल ते भुसावळ रस्त्यावर रोज जाणाऱ्याला हे मी काय सांगू.

जावयांनी टायरवरच वाचून दाखवलं, मॅक्स ३५० केपीए, ५१ पीएसआय, म्हणे कंपनीनेच लिहिलंय. हे वाचून भरणारे लोक मी बरेच बघितलेत. तो आकडा टायरच्या कंपनीचा, या टायरमध्ये थंड असताना यापेक्षा जास्त भरायची नाही एवढाच त्याचा अर्थ. तोच टायर पाच वेगवेगळ्या गाड्यांना बसतो. तुमच्या गाडीला किती हे गाडीवरचा स्टिकर सांगतो.

आणि सुनबाईंनी नायट्रोजनचं विचारलं. नायट्रोजन वाईट नाही, कोरडा असतो, थोडा हळू झिरपतो, पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि तापल्यावर तोही जवळपास तेवढाच फुगतो. नायट्रोजन भरला म्हणून मीटर लावायचं सुटत नाही. परत प्रवासात कमी झाली तर नायट्रोजन शोधत फिरायचं, की साधी भरायची? साधी भरली तरी काही बिघडत नाही, हेही त्यांना सांगितलं.

आकडा कसा ठरवला

सरळ उत्तर होतं स्टिकरची दुसरी ओळ, पुढे ३३ मागे ३६. फक्त एक मेख होती. स्टिकर पेट्रोल गाडीचा, आणि डिकीत आता किट आणि भरलेलं सिलेंडर मिळून सत्तर पंच्याहत्तर किलो कायमचं बसलेलं. कंपनीतून सीएनजी आलेल्या गाडीचा स्टिकर सिलेंडर धरून छापलेला असतो, बाहेरून किट लावलेल्या गाडीत तो जुनाच राहतो, आणि किट बसवणारे लोक हवेचं काही सांगत नाहीत. अशा गाड्या खान्देशात रस्तोरस्ती आहेत.

अंदाज करण्यापेक्षा मी म्हटलं वजनच करू. केळीच्या पट्ट्यात भुईकाट्याला तोटा नाही. सामान, माणसं, सिलेंडर, सगळं भरून गाडी काट्यावर घेतली, आधी पूर्ण आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. एकूण १,५५० किलो, मागच्या चाकांवर ७९०. गाडीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीची मर्यादा १,४८०. म्हणजे हवेचा आकडा ठरवायच्या आधीच सत्तर किलो जास्त.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे झाला. हवा वाढवून टायर जास्त वजन उचलेल, पण ब्रेक, सस्पेन्शन, एक्सल, यांची मर्यादा हवेने वाढत नाही. काकूंना हे सांगणं अवघड होतं, त्यांनी ते गहू स्वतः निवडून ठेवलेले. मी म्हटलं काकू, गहू कल्याणला पोचेल, फक्त या गाडीतून नको. शेवटी गहू आणि दादर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल पाठवायचं ठरलं, पीठ, बिबडे आणि केळी गाडीत राहिली. परत काट्यावर घेतली, १,४७०, मागे ७१५.

आता टायरचा हिशोब. लोड इंडेक्स ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, पण हे साधारण ३६ हवेला, २६ हवेला तोच टायर तेवढं उचलत नाही. मागच्या एका चाकावर येत होते साडेतीनशेच्या वर, म्हणजे ३६ ला भरपूर जागा. मग ३६ च का नाही ठेवली? ठेवली असती तरी चाललं असतं. पण एकूण वजन मर्यादेच्या काठावर आणि त्यातलं नेहमीपेक्षा जास्त मागे, वर चारशे किलोमीटरचा हायवे, म्हणून मी मागे दोन वाढवून ३८ सांगितली, पुढे स्टिकरप्रमाणे ३३ च. ३८ तापून ४४, ४५ पर्यंत जाणार हे तेव्हाच बोलून ठेवलं. रोजच्या गावातल्या वापराला, दोघं तिघं आणि सिलेंडर, तेव्हा पुढे ३३ मागे ३५, नाहीतर रिकामी गाडी मागून उडते.

निघायच्या आधी काय केलं

मागचे दोन्ही टायर बदलले, फुगा आलेल्या टायरवर चर्चाच नको. मुलगा म्हणत होता एकच बदला, दुसऱ्याला फुगा नाही. पण तोही तेवढ्याच वर्षांचा आणि त्याच कमी हवेवर चाललेला, आतून किती भाजलाय ते बाहेरून कोणालाच कळत नाही. साइज तीच, लोड इंडेक्स ८८ च्या खाली नाही. व्हॉल्व्ह नवे. पुढचे टायर बघितले, खाचांमधल्या १.६ एमएमच्या झिजेच्या खुणेपेक्षा बरंच रबर शिल्लक, चालले.

स्टेपनी सिलेंडरमागून ओढून काढली, त्यात १४ हवा. स्टेपनीत नेहमी जास्त लागणाऱ्या चाकाएवढी भरून ठेवावी, काढता येते, रस्त्यात भरता येत नाही, म्हणून तीही ३८.

नानांनी हातातला मीटर विकत घेतला. तो माझ्या दुकानातल्या मीटरशी लावून बघितला, अर्ध्या पॉइंटचा फरक, ठीक. वाटेतल्या पंपावरच्या मशीनला लावला तर ती मशीन चार जास्त दाखवत होती. म्हणजे मशीनवर ३३ बघून भरलेल्या माणसाच्या टायरमध्ये खरी २९. म्हणून रोज एकच मीटर वापरायचा, स्वतःचा, हे माझं ठाम मत आहे.

मग प्रश्न आला थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी तीन तास उभी, किंवा दोन तीन किलोमीटरच्या वर चाललेली नाही. मे महिन्यात आपल्याकडे त्यात अजून एक अट घालावी लागते, ऊन लागलेलं नको, कारण अंगणात उभ्या गाडीच्या उन्हाकडच्या चाकात सावलीच्या चाकापेक्षा दोन तीन जास्त दिसते. तेव्हा पहाटे साडेसहाच्या आत, घरीच. पण नानांच्या घराजवळ पंप नाही, आणि पंपापर्यंत जाईस्तोवर टायर गरम. त्याला उपाय सोपा आहे: पहाटे घरी मोजा, समजा मागे ३४ आली आणि पाहिजे ३८, तर चार कमी. पंपावर गेल्यावर तेच चाक ३६ दाखवेल, तर त्यात चार वाढवून ४० करा. किती कमी होती तेवढीच टाकायची, मीटर काय दाखवतोय त्याच्याकडे बघून ३८ वर थांबायचं नाही.

रस्त्यातला फोन

निघाले पहाटे, धुळ्याच्या पुढे चहाला थांबले तेव्हा अकरा वाजत आलेले. जावयांनी मीटर लावला, मागे ४४. लगेच फोन, दादा चव्वेचाळीस दाखवतंय, ऊन तर अजून वाढणार, पाच पाच काढून टाकू का, इथे पंप समोरच आहे.

मी म्हटलं पाव्हणे, पिनला हात लावू नका. दोन्ही मागच्या चाकांत सारखी आहे का ते सांगा. म्हणे ४४ आणि ४४. पुढे? ३९ आणि ३८. मग सगळं जसं पाहिजे तसंच आहे, ३८ ची ४४, ३३ ची ३८-३९, पाच सहा वाढली. एका चाकात बाकीच्यांपेक्षा खूप कमी वाढ किंवा खूप जास्त वाढ असती तर मी गाडी तिथेच थांबवायला सांगितली असती, कारण कमी म्हणजे हवा गळतेय, आणि जास्त म्हणजे ते चाक जादा तापतंय, ब्रेक चिकटलाय किंवा आधीच हवा कमी होती. गरम टायरवर आकडा बघायचा तो यासाठी, हवा काढायला नाही. त्यांना सांगितलं, हात चाकावर न टेकवता जवळ धरून चारही चाकांची धग बघा, सारखी आहे ना, मग निघा, आणि समृद्धीवर १२० ची परवानगी असली तरी भरलेल्या गाडीला दुपारी शंभरच्या आत ठेवा.

ते ऐकले. पण खरं सांगतो, तो फोन आला नसता तर वणीच्या वाटेवर झालं तेच परत झालं असतं, नव्या टायरवर.

झालं काय

संध्याकाळच्या आत पोचले, काही न होता. दुसऱ्या दिवशी पहाटे नानांनी स्वतः मोजून सांगितली, मागे ३७ आणि ३८, पुढे ३३ आणि ३२. म्हणजे ४४ दिसलेली हवा रात्रीतून आपल्या जागी आली, कोणी काही न करता. नानांनी हे आकडे वहीत मांडून ठेवलेत, तारीख, वेळ, कुठे मोजली, शिक्षकी सवय, आणि ती वही मला फार उपयोगी वाटली.

गाडीचं डोलणं गेलं, त्यात नवे टायर किती आणि हवा किती हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकदमच बदललं होतं. गॅसचं अ‍ॅव्हरेज सुधारलं असं मुलगा म्हणतो. परत आल्यावर मागची हवा ३५ वर आणली, तीही पहाटे. नंतर अलाइनमेंटला गाडी आली तेव्हा मागच्या टायरची घास कडेपासून कडेपर्यंत सारखी होती.

पुढच्या वेळी वेगळं काय करता येईल

एक, वजन आधी आणि पॅकिंग नंतर. आम्ही भरलेली पोती उतरवली, त्यापेक्षा पाच माणसं आणि सिलेंडर धरून गाडीत किती किलोची जागा उरते हे चार दिवस आधी काढलं असतं तर काकूंचं मन मोडलं नसतं, सगळं जड सामान आधीच पार्सलला गेलं असतं. आणि जे गाडीत ठेवायचं ते सिलेंडरच्या पुढे, सीटच्या पाठीला टेकवून, अगदी मागे डिकीच्या झाकणाशी नाही.

दुसरं, किट बसवतानाच हवेचा नवा आकडा ठरवायला पाहिजे. त्या दिवशीच गाडी काट्यावर न्यायची आणि स्टिकरच्या खाली स्वतःची चिठ्ठी लावायची. नानांच्या दाराच्या खांबावर आता तशी चिठ्ठी आहे, रोजची ३३/३५, भरलेली ३३/३८, पहाटे मोजणे, गरम असताना काढू नये. ही चिठ्ठी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकासाठी, कारण घरात हिशोब एकाला माहीत असतो आणि पंपावर काच खाली करणारा दुसराच असतो.

३८ की ३६, यावर दुसरा टायरवाला वेगळं सांगू शकतो, आणि वजन मर्यादेत असताना ३६ सांगणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

राहिली थंडी. मे मधली पहाट तीसची असते आणि धुळे, यावलकडे डिसेंबरात पहाट आठ डिग्रीवर येते, बावीस डिग्रीचा फरक, म्हणजे काहीही गळती नसताना उन्हाळ्यात भरलेली ३३ तेव्हा साडेएकोणतीस झालेली असते, आणि वर आपोआप झिरपलेली वेगळीच. उन्हाळ्यात हवा काढायला धावणारे लोक थंडीत भरायला येत नाहीत, पण खरं काम तेव्हा असतं. नानांना सांगितलंय, दिवाळी झाली की पहिल्या कडक थंडीत मीटर लावा आणि वहीत लिहा, मग किती टाकायची ते बघू.